धुरी

मोबाइलवरच्या नकाशात आपल्याच घरावर लाल टिंब उमटलेलं चंद्रभानने पाहिलं आणि त्याला आधी लाज वाटली. भीती जरा मागून आली. डिसेंबरातलं ऊन गॅलरीत शिरलं होतं, तो उन्हाला पाठ देऊन खुर्चीत बसला होता, चहा संपला होता, आणि कॉलनीतली बाकीची टिंबं शहाण्या मुलांसारखी हिरवी-पिवळी होऊन आपापल्या घरांवर बसली होती. त्याचंच तेवढं लाल. त्याने मान वळवून गॅलरीच्या ग्रिलला अडकवलेल्या डबीकडे पाहिलं. पांढरी, जेवणाच्या डब्याएवढी, खाली बारीक जाळी. ती बाहेरची हवा आत ओढायची आणि हवेत किती धूळ, किती धूर ते मोजून सगळ्यांच्या मोबाइलवर धाडायची. कान लावला तर तिच्या पोटातल्या पंख्याची गुणगुण ऐकू येई. ही डबी त्याने स्वतः मागून घेतली होती. हवा समितीने कॉलनीभर अशा डब्या लावायचं ठरवलं तेव्हा वीज कोण देणार आणि भिंतीला भोकं कोण पाडू देणार म्हणून लोक कुरकुरत होते, आणि चंद्रभानने मोठ्या तोऱ्यात हात वर करून म्हटलं होतं, "लावा माह्या गॅलरीत." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एवढ्यात ग्रुपवर अश्विनचा मेसेज आलाच. अश्विन समोरच्या बिल्डिंगमधला कॉम्प्युटरवाला तरुण, डब्यांचं सगळं तोच बघायचा. "काकाजी, तुमच्याकडे काही जळून राहिलं का?" चंद्रभान उठला. स्वयंपाकघरात गॅसवर कुकर होता. देवघरात नुसतं निरांजन. समितीत ठरल्यापासून त्याच्या बायकोने, प्रेमिलाने, अगरबत्तीसुद्धा बंद केली होती, आणि मच्छरांची कॉइल तर दिवाळीतच कचऱ्यात गेली होती. मुलीच्या, हिमानीच्या, खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बाळंतीण, तिथे पुरुषाने डोकावायचं नसतं. तो परत गॅलरीत आला आणि त्याने लिहिलं, "नाही. काहीच नाही." तो खोटं बोलत नव्हता.

मग समितीचे अध्यक्ष प्रेमानंद सर जागे झाले. शाळेच्या हेडमास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस. मेसेजसुद्धा फळ्यावर लिहिल्यासारखा लिहायचे. "वरच्या घराला विचारून काय उपयोग? खाली बघा. नत्थूची कोळशाची इस्त्री." आणि सगळ्यांना एकदम पटलं. चंद्रभानलाही पटलं. ग्रिलमधून खाली पाहिलं तर फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली नत्थूजीचा ठेला होता, ठेल्याशेजारी सिगडी, आणि नत्थूजी तोंडात पाण्याचा घोट घेऊन कुणाच्या तरी साडीवर फवारा मारत होता. किती वर्षांपासून तो तिथे होता. त्याच्याकडे बघून चंद्रभानच्या छातीवरचं ओझं उतरलं. धूर आपला नाही, नत्थूजीचा आहे. आपलं घर स्वच्छ आहे. एवढं कळलं की माणसाला बाकी काही कळून घ्यायची घाई नसते.

या समितीचा त्याला फार अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. कोपऱ्यावरच्या बेकरीची लाकडाची भट्टी त्यांनी गॅसवर आणली होती, तीही भांडून नाही, सगळ्या कॉलनीने वर्षभर त्याच बेकरीचा पाव घ्यायचं कबूल करून. झाडूवाल्या बायका कडुनिंबाचा पाला पेटवायच्या. त्यांच्यासाठी बागेत खड्डे खणून दिले, आणि खणायला प्रेमानंद सरांपासून सगळ्यांनी फावडी धरली. महानगरपालिकेचा माणूस येऊन बघून गेला होता, कॉलेजवाल्यांनी डब्या दिल्या होत्या, एका डॉक्टरीणबाईंनी बागेत व्याख्यान दिलं होतं: धुरातला कण इतका बारीक असतो की नाकाला कळत नाही, घशाला कळत नाही, तो सरळ रक्तात उतरतो, आणि तान्ह्या बाळाची छाती म्हणजे ओल्या मातीचं भांडं, जो ठसा उमटेल तो कायमचा. चंद्रभानने ते वाक्य पाठ केलं आणि दारोदार जाऊन लोकांना ऐकवलं. फक्त एका बाबतीत त्याचं आणि प्रेमानंद सरांचं जमायचं नाही. बैठक कुठलीही असो, सर सुस्कारा टाकून म्हणायचे, "पहिले हवा कशी चांगली होती! सकाळी फिराले निघालं का छाती भरून यायची." आणि चंद्रभान उसळायचा. "कायची चांगली, सर? आमच्या जुन्या मोहल्ल्यात, इतवारीत, संध्याकाळी घरोघरी दारात सिगडी पेटे. धुरात आपलं घर हुडका लागे. डोळे चोळत शेजारच्याच्या घरात शिरलो आहे मी." लोक हसायचे. घरी आल्यावर तो प्रेमिलालाही तेच ऐकवायचा, आणि ती म्हणायची, "मले काय सांगता? त्या धुरात पोळ्या म्याच लाटल्या."

संध्याकाळी टिंब पुन्हा लाल झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. लाल व्हायचं, थोडा वेळ राहायचं, आणि आपोआप पिवळं होऊन हिरवं व्हायचं, ताप चढावा आणि उतरावा तसं. चंद्रभानला त्या टिंबाची सवय लागली आणि धास्तीही लागली. जेवताना मोबाइल ताटाशेजारी. आंघोळीला जाताना मोबाइल बाथरूमच्या खिडकीत. कारण आता त्याला दुसरंच काहीतरी सुचलं होतं: हा धूर कुणाचाही असो, नत्थूजीचा असो की सैतानाचा, तो आपल्या गॅलरीपर्यंत येतो, आणि गॅलरीला लागूनच हिमानीच्या खोलीची खिडकी आहे, आणि त्या खोलीत ती आहे. तिला अजून नाव नव्हतं. बारसं व्हायचं होतं, सगळे नुसतं 'पोट्टी' म्हणत. हिमानी पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि पोट्टी झाली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. पण थोड्या दिवसांपासून तिची छाती वाजत होती. श्वास घेतला की आत बारीक घरघर. रात्री सगळं शांत झालं की ती भिंतीपलीकडून चंद्रभानला ऐकू यायची, आणि ती ऐकता ऐकता आपणही तिच्याबरोबर श्वास रोखतो आहोत हे त्याच्या लक्षात यायचं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा तोही बरोबर गेला होता. डॉक्टरांनी पोट्टीच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि विचारलं, "घरात कोणी बिडी-सिगरेट ओढतं?" "नाही जी," प्रेमिला म्हणाली. "धूर होतो का घरात? चूल, कॉइल, काही?" "धूर कायचा जी? गॅस आहे. अगरबत्तीबी बंद केली आमी. हे हवा समितीत आहेत ना." आणि तिने चंद्रभानकडे कौतुकाने पाहिलं. चंद्रभानने मान डोलावली. डॉक्टर खूश झाले, औषध लिहून दिलं, बाहेरच्या हवेपासून जपा म्हणाले.

चंद्रभानचं नाक गेलेलं होतं, ही एक गोष्ट इथे सांगायला हवी. कळमन्याच्या बाजारात त्याची मिरचीची अडत होती. हयातभर तो लाल मिरचीच्या ढिगांमध्ये बसला. नवा माणूस त्या आवारात पाऊल टाकताच ठसकून ठसकून रडकुंडीला यायचा, आणि चंद्रभान तिथे बसून डबा खायचा. नाकाने कधी हात टेकले ते त्याला कळलंही नाही. मोगरा कळत नाही, फोडणी कळत नाही, गॅस गळला तरी कळणार नाही म्हणून प्रेमिला सतत घाबरायची. नाक असतं तर पहिल्याच सकाळी सगळा उलगडा झाला असता, आणि इतके दिवस जे घडलं ते घडलं नसतं. नाक नव्हतं म्हणून त्याला ते डोळ्यांनी पाहावं लागलं. त्या सकाळी तो गॅलरीत उभा राहून टिंब लाल व्हायची वाट बघत होता. खाली नत्थूजीने सिगडी कधीचीच पेटवली होती, कोळसे लालबुंद झाले होते, धूर सरून गेला होता, आणि तरी टिंब हिरवंच होतं. हे काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं. मग हिमानीच्या खोलीची खिडकी आतून बोटभर उघडली. त्या फटीतून निळसर धुराची एक रेघ बाहेर आली, भिंतीला धरून हळूहळू सरकली, ग्रिलपाशी वळली आणि डबीच्या जाळीखाली गेली. हातातला मोबाइल थरथरला. त्याने बघितलं नाही. त्याला ठाऊक होतं तो का थरथरला ते.

फटीतून आतलं दिसत होतं. आंघोळ झालेली पोट्टी प्रेमिलाच्या दोन्ही हातांवर होती. खाली जमिनीवर धुपाटणं, त्यात निखारे, आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वेखंडाचा तुकडा, लसणाची टरफलं. प्रेमिला पोट्टीला त्या धुरावर आडवी धरून हळूहळू झुलवत होती, पोट शेकत होती, पाठ शेकत होती, कानाला धुरी लागावी म्हणून मान एका बाजूला कलती करत होती, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. इतकं जपून, इतक्या मायेने कोणी कोणाला धरलेलं त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पोट्टी खोकली. एवढीशी, मांजरीच्या पिल्लाएवढी. "घे माय," प्रेमिला म्हणाली, "निघू दे कफ." आणि तिने आणखी चिमूटभर ओवा टाकला. चंद्रभान गॅलरीत तसाच उभा राहिला. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. शेकशेगडी आणि धुरी कुठल्या बाळंतिणीला होत नाही? प्रेमिला रोज खाली जाऊन नत्थूजीच्या सिगडीतले चार निखारे धुपाटण्यात घेऊन येते हेही त्याने पाहिलेलं होतं. गॅसच्या घरात निखारे मिळायचे कुठून? सगळं डोळ्यांसमोर होतं. आणि तरी त्याला 'काही जळून राहिलं का' विचारलं तेव्हा ते आठवलं नाही, आणि डॉक्टरांनी 'धूर होतो का' विचारलं तेव्हा प्रेमिलाला ते आठवलं नाही. ती खोटं बोलली नव्हती. धूर वेगळा आणि धुरी वेगळी. धूर चुलीचा, गाडीचा, कचऱ्याचा. तो डोळ्यांत जातो, त्याच्यावर समिती बसते. धुरी औषध आहे. धुरी आईच्या हातची असते. एका वेलांटीचा फरक, आणि त्या वेलांटीत अख्खं घर आंधळं झालं होतं. डबीला मात्र मराठी येत नव्हतं.

तो खोलीत जायला निघाला. आता काय, जायचं आणि सांगायचं: हे बंद कर. दोन शब्दांचं काम. दारापाशी तो पोचला आणि प्रेमिलाच धुपाटणं घेऊन बाहेर आली, घामाने डबडबलेली, समाधानी. "पोट्टीची छाती वाजून राहिली," ती म्हणाली, "म्हणून आता दोन वेळा देते. सकाळी अन् सांजी. देवकीलेबी मी दोनदा देत होती." मग ती जराशी थांबली, आणि तिचं नेहमीचं वाक्य म्हणाली. "माह्याकडून काही कमी नाही पडलं." देवकी त्यांची पहिली मुलगी. इतवारीच्या घरात, पहिल्याच हिवाळ्यात गेली. तिचीही छाती वाजायची. प्रेमिलाची आई मौद्याकडच्या गावाहून येऊन राहिली होती, दोघींनी मिळून धुरी दिली, जितकी देवकी खोकली तितकी दिली, खोकला वाढला की धुरी वाढवली, आणि एका सकाळी खोकला थांबला. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलं. लोक म्हणाले देवाची मर्जी. प्रेमिला वर्षभर कुणाशी बोलली नाही, आणि मग एके दिवशी ती बोलायला लागली तेव्हा हे वाक्य घेऊन आली: माझ्याकडून काही कमी पडलं नाही. त्या वाक्याला धरून ती उभी राहिली, हिमानी झाली, हिमानी वाढली, लग्न झालं. अजूनही देवकीचा विषय निघाला की ती ते वाक्य म्हणते आणि कामाला लागते. आणि आता त्याने तिला सांगायचं होतं की या पोट्टीची छाती धुरीने वाजते आहे. हे सांगितलं की दुसरं सांगावं लागतच नाही. ते तिचं तिलाच कळेल. तिला हिशेब शिकवावा लागत नाही, ती एका क्षणात मागे जाईल, इतवारीच्या त्या खोलीत जाईल, आपल्या दोन्ही हातांकडे बघेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चंद्रभान तिच्या हातातल्या विझत्या निखाऱ्यांकडे बघत म्हणाला, "संभाळून. भाजशील." आणि बाजूला झाला.

त्या दिवसापासून तो घाबरूनच राहिला. लहानपणी असाच एकदा घाबरला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने मिरवणुकीतली मारबत पाहिली होती, कागदा-बांबूची राक्षसीण, काळी, दुमजली घराएवढी, जीभ बाहेर काढलेली, आणि भोवती अख्खं शहर बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, "रोगराई घेऊन जा गे मारबत! खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" मग गावाबाहेर नेऊन तिला पेटवलं. त्याने वडिलांना विचारलं होतं, "जाळल्यावर रोगराई कुठी जाते, बाबूजी?" "जळून जाते," वडील म्हणाले होते. पण त्याला दिसत होतं ना. ती जळून जात नव्हती, ती काळी होऊन वर चढत होती, वाऱ्याने वळत होती, आणि ज्या घरांमधून तिला घालवलं त्याच घरांच्या छपरांवर, कवेलूंवर, परत उतरत होती. घरी येईपर्यंत त्याने दम धरून ठेवला. वडिलांना वाटलं पोरगं आकडीत गेलं. पाठीत धपाटा घालून त्याला श्वास घ्यायला लावला. आता या वयात, आपल्याच घरात, दर सकाळी पोट्टीच्या आंघोळीचं पाणी ओतल्याचा आवाज आला की चंद्रभान दम धरायचा. खिडकीची फट उघडायची. टिंब लाल व्हायचं. आतून ते पिल्लासारखं खोकणं यायचं. टिंब उतरेपर्यंत तो एका जागी उभा राहायचा आणि स्वतःला सांगायचा, उद्या. हिमानीला एकटीला गाठून सांगावं असंही त्याला वाटलं, पण आई तिला कधी एकटी सोडायची नाही, आणि सांगितलं असतं तर तिने आईलाच विचारलं असतं. एकदा त्याने नुसतं म्हणून पाहिलं, "बाई, खोलीत गुदमरल्यासारखं नाही होत?" हिमानी हसली. डोक्याला रुमाल, गालावर हळद, आईच्या हातचं खाऊन तजेलदार झालेली. "होते ना थोडंसं. पण आई करते तं बरं वाट्टे, बाबा. तिकडे कोण करणार एवढं?"

रविवारी सकाळी फाटकाजवळ समिती जमली. नत्थूजीच्या ठेल्याभोवती सगळे गोल उभे, आणि प्रेमानंद सर आपल्या समजुतीच्या आवाजात बोलत होते. कोणी दुष्ट नव्हतं, हे सांगायला पाहिजे. महानगरपालिकेकडून त्याला गॅसची इस्त्री मिळवून द्यायची, वर्गणी काढायची, असं सगळं ठरलं होतं. फक्त तोवर त्याने ठेला नाल्यापलीकडे न्यावा. तान्हं लेकरू आहे वरच्या घरी, सर म्हणाले, आणि सगळ्यांनी चंद्रभानकडे पाहिलं. अश्विनने मोबाइलवरची चढती-उतरती रेघ दाखवली. "रोज दोनदा चढते, काकाजी. सकाळी अन् संध्याकाळी. सिगडी पेटवत असतील तेव्हाच." नत्थूजी ती रेघ वाकून वाकून बघत होता. "सिगडी तं मी एकदाच पेटवतो गा," तो म्हणाला, पण ते त्याने स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, आणि कोणी ऐकलं नाही. चंद्रभानने ऐकलं. आता बोलायचं. पण त्याच वेळी त्याच्या मनात एक गोष्ट अशी काही सरळ उभी राहिली की तो तिच्याकडे बघतच राहिला. नत्थूजी गेला तर निखारे गेले. निखारे गेले तर धुरी गेली. कोणाला काही सांगावं लागणार नाही. पोट्टी वाचेल, प्रेमिलाला कधी काही कळणार नाही, नत्थूजीला महिन्या-दोन महिन्यांत नवी इस्त्री मिळेल. कोणाचं काय बिघडतं? तो गप्प बसला. नत्थूजीने कपड्यांची गाठोडी बांधली, सिगडीवर पाणी मारलं, आणि ठेला ढकलण्याआधी चंद्रभानकडे वळून म्हणाला, "वहिनीले सांगा जी. निखाऱ्याचं कसं करतीन त्या? मी सकाळी कपडे न्याले येताना घेऊन येत जाऊ का?" त्याने अश्विनकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. ते वर्गणीचं बोलत होते. "नको, नको," तो घाईघाईने म्हणाला. "कायले त्रास करता?" नत्थूजी गेला. ठेल्याचं एक चाक वाजत होतं, ते वळणापर्यंत ऐकू आलं.

आणि टिंब हिरवं झालं. संध्याकाळी हिरवं, दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवं. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. सरांनी लिहिलं, "सहकार्याचा विजय." चंद्रभानला दोन घास जास्त गेले. कडुनिंबाखालची जमीन रिकामी होती, तिथे राखेचा गोल डाग होता, तिकडे त्याने बघायचं टाळलं. पण रात्री भिंतीपलीकडची घरघर कमी झाल्यासारखी वाटली, आणि तो लहान मुलासारखा झोपला. प्रेमिला दिवसभर अस्वस्थ होती. निखाऱ्यांशिवाय तिचे हात रिकामे पडले होते. दुपारी ती बराच वेळ फोनवर मौद्याला भावाशी बोलत होती, आणि त्याने ते कानावर येऊ दिलं नाही. त्यानंतरच्या सकाळी आंघोळीचं पाणी ओतल्याचा आवाज आला. चंद्रभान सवयीने उभा राहिला, मग सवयीलाच हसून परत बसला. मोबाइल थरथरला. टिंब पिवळं झालं, लाल झालं, आणि लालवर न थांबता काळपट जांभळं झालं. असला रंग त्याने आपल्या घरावर कधी पाहिला नव्हता. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर काळे कण पडले होते, आणि ओट्याखाली उघड्या पोत्यात गोवऱ्या होत्या, काल मौद्याच्या एसटीतून आलेल्या. तिने गोवरी गॅसवर पेटवून नेली होती. ग्रुपवर अश्विन विचारत होता, "काकाजी, नत्थूजी परत आले का?" सर लिहीत होते, "मी खाली जाऊन बघतो. सांगूनही ऐकत नाही म्हणजे काय." भिंतीपलीकडे पोट्टी खोकत होती, आणि आज ते खोकणं संपत नव्हतं, एकातून दुसरं निघत होतं, आणि मध्ये श्वासाला जागाच उरत नव्हती. असं खोकणं त्याने यापूर्वी एकदाच ऐकलं होतं. त्याने मोबाइल घेतला. "धूर आमच्या घरचा आहे. पहिल्यापासून आमचाच. नत्थूजींना परत बोलवा, मी माफी मागतो." त्याने ते पाठवलं, मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि हिमानीच्या खोलीचं दार ढकललं.

खोली धुराने भरली होती. हिमानी खाटेवर उठून बसली होती, पदराने डोळे पुसत. प्रेमिला जमिनीवर, पोट्टी तिच्या पायांवर पालथी, एका मुठीत ओवा. पुरुष आत आलेला बघून ती चपापली. "काहून आले जी?"

"राहू दे ते."

"होऊन राहिलं. थोडी राहिली धुरी."

"बंद कर, प्रेमिला. तो धूर आहे."

"धूर कुठी? धुरी आहे ना."

"धुरीच." त्याने वाकून धुपाटणं उचललं, कडा तापलेल्या होत्या, बोटं भाजली, तरी ते त्याने बाथरूममध्ये नेलं आणि त्यावर नळ सोडला. परत येऊन त्याने खिडकी सताड उघडली. "डबीत दिसते," तो खिडकीकडेच तोंड करून म्हणाला. "रोज दिसते. तिची आंघोळ झाली का धूर चढते. नत्थूजीचा नव्हता तो. तिची छाती त्यानंच वाजून राहिली. डॉक्टरले हेच सांगा लागत होतं आपल्याले." हिमानीने पटकन वाकून पोट्टीला उचललं आणि खिडकीपाशी नेलं. पोट्टीने थंड हवेत तोंड उघडलं, दोनदा खोकली, रडली, आणि रडता रडता तिला श्वास सापडला.

प्रेमिला तशीच बसली होती. पाय पसरलेले, पायांवर आता कोणी नव्हतं. ओव्याची मूठ उघडली नव्हती. चंद्रभानने वळून पाहिलं आणि इतके दिवस ज्याला तो भ्याला होता ते त्याला तिच्या चेहऱ्यावर येताना दिसलं. ती पोट्टीकडे बघत नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"मंग," ती म्हणाली. नाव तिने घेतलं नाही. "मंग तिलेबी?"

इतवारीची ती खोली त्याला स्वच्छ दिसत होती. धुराने काळी झालेली भिंत, गल्लीभर पेटलेल्या सिगड्या, उशापाशी धुपाटणं, आणि दार-खिडक्या लावून घेतलेल्या, लेकराला बाहेरची हवा लागू नये म्हणून. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. गुडघे दुखले. त्याने तिची मूठ आपल्या हातात घेतली आणि बोटं एकेक करून उघडली.

"नाही वं," तो म्हणाला. "तव्हाची हवा चांगली होती."

प्रेमिलाने त्याच्याकडे पाहिलं. त्या धुरात पोळ्या तिनेच लाटल्या होत्या. मग तिने हळूच मान डोलावली.

"हो जी," ती म्हणाली. "चांगली होती."